रंग कागदातच असतो, उजेड फक्त त्याला कोंडतो

घरात बारसं होतं. पाळण्याभोवती ही गर्दी, आणि भाची मोबाइलएवढा एक प्रिंटर हातात घेऊन फिरत होती. फोटो काढायचा, बटण दाबायचं, मिनिटभरात पत्त्याच्या पानाएवढा रंगीत फोटो फटीतून बाहेर. माझ्या आत्याने तो प्रिंटर उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "शाई कुठून भरायची गं ह्यात?"

"शाई नसतेच ह्याला, आजी. कागदातच रंग असतो."

"चल, काहीतरी सांगू नकोस. कागद तर पांढराफटक आहे."

दोघीही बरोबर होत्या. रंग कागदात आहे आणि तरी कागद पांढरा आहे, हे ऐकायला थापेसारखं वाटतं, पण त्याचा पुरावा आपल्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतो. ह्याच युक्तीवर एका अमेरिकन कागद कंपनीने एकेकाळी रंगीत झेरॉक्सचं अख्खं तंत्र उभं केलं होतं. टोनर नाही, शाई नाही, बुडवून काढायचं रसायन नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य कुप्या आणि उजेड, एवढ्यावर सगळा कारभार. ते तंत्र बाजारात टिकलं नाही. ते कसं चालायचं आणि का टिकलं नाही, ह्या दोन्ही गोष्टी मला सारख्याच आवडतात, म्हणून हा लेख.

सुरुवात बिलबुकापासून

हार्डवेअरच्या दुकानातलं किंवा मंगल कार्यालयातलं बिलबुक आठवा. वरचं पान पांढरं, मधलं गुलाबी, खालचं पिवळं. मालक बॉलपेन दाबून वर लिहितो आणि खालच्या दोन्ही पानांवर निळसर अक्षरं उमटतात. मध्ये कार्बन पेपर नाही, बोटं निळी होत नाहीत.

जुनं बिलबुक घरात असेल तर एक गंमत करून बघा. वरच्या पानाखाली पुढचं पान ठेवा आणि नाण्याच्या कडेने जोरात घासा. खालच्या पानावर निळा पट्टा येईल. आता वरचं पान पालथं घालून पुन्हा घासा. काही नाही. दोन पावत्यांची वरची पानं एकावर एक ठेवून घासा. तरीही काही नाही. रंग ह्या पानात एकटा नाही, त्या पानातही एकटा नाही. दोघांची नेमकी बाजू समोरासमोर आली तरच तो जन्माला येतो.

वरच्या पानाच्या पाठीला अतिसूक्ष्म गोळ्यांचा लेप असतो. शास्त्रीय नाव मायक्रोकॅप्सूल; आपण तिला कुपी म्हणू. एका कुपीचा व्यास साधारण काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आत तेल, आणि तेलात विरघळलेला एक बिनरंगी पदार्थ. पेनाच्या टोकाखाली आलेल्या कुप्या फुटतात, तेल खालच्या पानावर झिरपतं, तिथे आम्लधर्मी मातीचा किंवा राळेचा लेप वाट बघत असतो. दोघांची गाठ पडली की निळा रंग. कागदाचे व्यापारी ह्या पानांना सीबी, सीएफबी आणि सीएफ म्हणतात: पाठीला लेप, दोन्हीकडे लेप, फक्त तोंडाला लेप.

ही करामत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहराची. तिथे नॅशनल कॅश रजिस्टर नावाची गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती. पावतीची प्रत कार्बनशिवाय निघावी ही तिची गरज. तिच्या बॅरेट ग्रीन ह्या रसायनतज्ज्ञाने कुपी बनवण्याची रीत बसवली आणि १९५०च्या दशकात तो कागद बाजारात आला. रीत ऐकाल तर स्वयंपाकघरातली वाटेल. कोमट पाण्यात जिलेटिन आणि डिंक, आपल्या बाभळीच्या गोतातल्या झाडाचा. त्यात रंगाचं तेल ओतून घुसळायचं, म्हणजे त्याचे बारीक थेंब होतात. मग पाणी जरा आंबट करायचं. तसं झालं की जिलेटिनवर धन आणि डिंकावर ऋण विद्युतभार येतो, दोघं एकमेकांना धरतात आणि प्रत्येक थेंबावर दुधावर साय धरावी तसं आवरण धरतं. थंड करून, रसायनाने ते आवरण कडक केलं की कुपी तयार.

मुका रंग म्हणजे काय?

आत्याला मी हे हळदीवरून सांगितलं. हळद पिवळी असते. तिच्यात चुना घातला की लाल होते, कुंकू तसंच तर बनतं. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि जीव दचकतो, तोही हाच प्रकार. पदार्थ तोच, पण सोबत बदलली की रेणूची ठेवण बदलते आणि ठेवण बदलली की रंग.

बिलबुकातला पदार्थ ह्याच जातीचा, फक्त त्याचा पहिला रंग 'काहीच नाही' हा असतो. ह्या जातीला ल्यूको डाय म्हणतात. आपण मुका रंग म्हणू. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन. त्याच्या रेणूत एक कडं असतं. कडं बंद तोवर रंग नाही. आम्लधर्मी पदार्थ भेटला की कडं उघडतं आणि निळाजांभळा रंग बोलायला लागतो.

एटीएमच्या स्लिपवर किंवा पेट्रोल पंपाच्या पावतीवरही ही मंडळी असतात. तिथे मुका रंग आणि आम्लधर्मी पदार्थ एकाच थरात, पण घन कणांच्या रूपात शेजारी-शेजारी झोपलेले. उष्णता लागली की वितळून एकत्र येतात. पावती गरम चहाच्या कपाला टेकवली तर काळी पडते ती म्हणून.

मग उजेड कुठे आला?

इथपर्यंत कुप्या फोडणारा पेन होता, म्हणजे माणसाचा हात. आता प्रश्न असा करा: पेनाऐवजी उजेडाने ठरवता येईल का की कुठल्या कुपीने फुटायचं आणि कुठल्या कुपीने नाही?

हा प्रश्न सोडवला त्याच डेटनमधल्या मीड ह्या कागद कंपनीने. कार्बनलेस कागद तीही बनवत होती, त्यामुळे कुप्यांची विद्या घरचीच. (ह्याच मीडकडे वकिलांना निवाडे शोधून देणारी लेक्सिस ही संगणकसेवाही होती. कागदाची कंपनी कागद हद्दपार करणाऱ्या धंद्यात आधीपासून पाय रोवून होती, ह्याचं मला नेहमी हसू येतं.) उजेडाने घडणाऱ्या ह्या कुप्यांचं पायाभूत पेटंट मीडला १९८३ साली मिळालं. तंत्राचं बाजारी नाव सायकलर.

युक्ती अंड्याची आहे. कच्चं अंडं दाबलं की फुटतं आणि आतलं सगळं ओट्यावर पसरतं. उकडलेलं अंडं दाबलं तर कवचाला तडा जाईल, पण पसरणार काही नाही. मीडने कुपीत मुक्या रंगाबरोबर असं एक द्रव्य भरलं, जे उजेड पडला की उकडलेल्या अंड्यासारखं आतल्या आत घट्ट होतं. ह्या द्रव्याचे सुटे रेणू म्हणजे मोनोमर. उजेडाने ते एकमेकांचे हात धरून साखळ्या बनवतात.

हे तुम्ही तोंडात अनुभवलं असेल. डेंटिस्ट दातात मऊ लगदा भरतो, निळा दिवा काही सेकंद धरतो, आणि लगदा दगड होतो. तेच रसायनशास्त्र.

आता कागदभर ह्या कुप्या पसरल्यात आणि त्यावर मूळ कागदाची उजेडाने प्रतिमा पाडली, असं समजा. पांढऱ्या जागेवरून उजेड परततो, म्हणून तिथल्या कुप्या उकडल्या. काळ्या अक्षरांवरून उजेड परतत नाही, म्हणून तिथल्या कच्च्या राहिल्या. मग हा कागद दुसऱ्या, आम्लधर्मी लेपाच्या कागदाला चिकटवून दोन जड पोलादी रुळांमधून काढायचा. उसाच्या गुऱ्हाळातून काढावा तसा. कच्च्या कुप्या फुटतात, रंग पलीकडे उमटतो. उकडलेल्या तशाच राहतात. कागद सोडवले की प्रत तयार, कोरडी.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांना हे नवीन नाही. स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात अजूनही फ्रेमवर ताणलेल्या कापडाला बायक्रोमेट घातलेलं इमल्शन लावतात, अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली वाळवतात. मग ट्रेसिंगवरचं काळं पॉझिटिव्ह खाली ठेवून ट्यूबलाइटच्या पेटीवर किंवा सरळ गच्चीवरच्या उन्हात एक्स्पोज करतात. उजेड लागला ते इमल्शन कडक. अक्षरांच्या सावलीत राहिलं ते मऊ. नळाखाली धरलं की मऊ वाहून जातं आणि 'श्री गणेशाय नमः' आरपार दिसायला लागतं. त्या जागेतून शाई जाते. उजेडाने बंद करायचं, अंधाराने मोकळं ठेवायचं. मीडने ही फ्रेम कुपीएवढी केली आणि शाईही तिच्यातच भरून ठेवली, एवढाच काय तो फरक.

आपली नेहमीची झेरॉक्सही मुळात ह्याच नियमाने चालते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कॉर्नेई ह्यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणला, आणि काचेवर लिहिलेली तारीख व 'अ‍ॅस्टोरिया' हा शब्द उजेडाने त्यावर पाडला. उजेड लागला तिथला भार निघून गेला, अक्षरांच्या जागी राहिला, आणि त्याला पूड चिकटली. तिथेही उजेडाचं काम पुसण्याचंच. पण तिथे रंगाची पूड बाहेरून आणावी लागते. कुप्यांच्या कागदात रंग सगळीकडे आधीच हजर असतो.

तीन कुप्या, तीन उजेड

एका रंगाचं ठीक आहे, पण रंगीत प्रत? इथे खरी करामत आहे, जरा सावकाश वाचा.

छपाईत तीन मूळ रंग धरतात. सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे साडीवाल्यांचा राणी रंग, आणि पिवळा. सायकलरच्या कागदावर ह्या तिन्ही मुक्या रंगांच्या कुप्या एकत्र कालवून पसरलेल्या असतात, भेळेत कुरमुरे, शेव आणि कांदा असावा तशा. पण प्रत्येक जातीची कुपी वेगळ्या उजेडाला शिजते. सायनची कुपी तांबड्या उजेडाने शिजते, मॅजेंटाची हिरव्या आणि पिवळ्याची निळ्या उजेडाने.

कुंकवाचा करंडा कॉपी करायचाय असं धरा. कुंकवावरून फक्त तांबडा उजेड परततो. कागदावर त्या जागी सायनच्या कुप्या शिजल्या. हिरवा आणि निळा उजेड आलाच नाही, म्हणून मॅजेंटा आणि पिवळ्याच्या कुप्या कच्च्या. रुळाखाली त्या फुटल्या. राणी रंग अधिक पिवळा किती? लाल. आंब्याचं पान घ्या: हिरवा उजेड परतला, मॅजेंटा शिजला, सायन आणि पिवळा फुटला, मिळून हिरवा. झेंडूवरून तांबडा आणि बऱ्यापैकी हिरवा उजेड येतो, त्यामुळे सायन पूर्ण शिजतो, मॅजेंटा अर्धामुर्धा, आणि पिवळा सगळा फुटतो: केशरी पिवळा. पांढऱ्या धोतरावरून सगळेच उजेड परतले, सगळ्या कुप्या शिजल्या, काहीच उमटलं नाही, कागद पांढरा. काळ्या मण्यांवरून काहीच परतलं नाही, तिन्ही फुटल्या, काळा.

निगेटिव्ह नाही, चार वेळा कागद फिरवणं नाही, रंगांचं रजिस्ट्रेशन जुळवणं नाही. ऑफसेटच्या मशीनवर चार रंग एकमेकांवर बसवताना लागणारा घाम ज्याने पाहिलाय त्याला ह्याचं मोल कळेल. तिन्ही रंग एकाच दाबात, आपापल्या जागी. सरकायला वावच नाही.

पण फिके रंग कसे यायचे? कुपी फुटते किंवा फुटत नाही, मधलं काय?

मधलं आहे. हाफ बॉइल. थोडा उजेड लागलेल्या कुपीतलं द्रव्य पुरतं घट्ट न होता मधासारखं दाट होतं. दाबल्यावर थोडं बाहेर येतं, बाकी आत राहतं. उजेड जितका कमी, तितका रंग जास्त. त्यामुळे गालावरची छटा किंवा संध्याकाळचं आभाळ ठिपक्यांच्या जाळीशिवाय, फोटोसारखं सलग येऊ शकतं. टोनरला ह्यासाठी ठिपक्यांची कसरत करावी लागते.

ह्यातली सगळ्यात अवघड पायरी तांबड्या उजेडाची होती. जांभळ्या आणि निळ्या उजेडात ताकद जास्त, त्याने रेणू पेटवणं सोपं. डेंटिस्टचा दिवा निळा असतो तो म्हणूनच. तांबडा उजेड कमजोर. मीडच्या रसायनतज्ज्ञांनी त्यावर एक जोडी शोधली: उजेड शोषणारा एक रंगद्रव्याचा रेणू आणि त्याला चिकटून बसलेला बोरॉनचा एक रेणू. पहिल्याने उजेड झेलला की दुसरा त्याला एक इलेक्ट्रॉन देतो, देताना स्वतः मोडतो, आणि मोडलेला तुकडा मोनोमरची साखळी सुरू करून देतो. कुठल्या उजेडाला जागायचं हे पहिल्या रेणूच्या रंगावर ठरतं. तो बदलला की तांबड्याला, हिरव्याला किंवा निळ्याला जागणारी कुपी बनवता येते.

हा कागद पाकिटातून काढताच खराब नाही का होणार?

होणार. सगळ्या कुप्या शिजल्या की त्या कागदातून कोरं पान निघेल. म्हणून तो अंधाऱ्या डब्यात गुंडाळून यंत्रात बसवावा लागतो. थोडीफार सूट मात्र निसर्गाने दिली आहे. कुपीत विरघळलेला ऑक्सिजन असतो, आणि साखळी सुरू करणारे पहिले तुकडे तोच गिळून टाकतो. त्याचं पोट भरेपर्यंत घट्ट होणं सुरूच होत नाही, त्यामुळे चुकून आलेल्या किंचित उजेडाला कागद दाद देत नाही.

बाहेर आलेली प्रत मात्र निर्धास्त. उजेडाला घाबरणाऱ्या कुप्या मागच्या कागदावर राहिल्या, प्रतीवर फक्त रंग आहे. तो वर्षानुवर्षं उन्हात टिकेल असं नाही. मुक्या रंगाच्या जातीला ऊन फारसं मानवत नाही, जुन्या पावत्या बघा.

मग कॅमेऱ्यातच का नाही घातला? कारण उजेडाची भूक. फिल्मवर चांदीच्या क्षाराच्या कणावर उजेडाचे काही मोजके कण पडले तरी पुढे डेव्हलपरचं रसायन त्या ठिणगीचा वणवा करतं. कुपीत असा वणवा नाही, साखळी वाढते तेवढीच. तिला भरपूर उजेड लागतो. झेरॉक्सच्या यंत्रात लखलखीत दिवा ठेवता येतो. बारशातल्या बाळाच्या तोंडावर तो कोण मारणार?

आणखी एक बारीक गोष्ट: रबरी शिक्क्यासारखं इथेही उमटताना डावं-उजवं उलटतं. म्हणून यंत्रात आरसे असे बसवावे लागतात की प्रतिमा कुप्यांवर आधीच उलटी पडेल.

इतकं चांगलं होतं, तर गेलं कुठे?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या ब्रदर कंपनीने ह्या कागदावर चालणारं रंगीत कॉपी मशीन बाजारात आणलं. यंत्र तुलनेने साधं: दिवा, आरसे, रूळ. चार टोनरच्या टाक्या नाहीत, वितळवून चिकटवणारा तापलेला रोलर नाही. पण त्याच सुमारास, १९८७ साली, कॅननने डिजिटल रंगीत लेझर कॉपीयर आणला होता, आणि मागोमाग इंकजेट प्रिंटर घराघरांत शिरायला लागले.

लोक म्हणतील, स्पर्धा होती म्हणून मेलं. माझं मत वेगळं आहे. हे तंत्र हरलं ते कोऱ्या जागेमुळे.

टोनरच्या खोक्यावर 'इतकी पानं निघतील' असं लिहिलेलं असतं, ती संख्या पानाचा फक्त ५ टक्के भाग छापला जाईल असं धरून काढलेली असते. पत्र, अर्ज, सातबारा, असल्या कागदांवर बहुतेक जागा कोरीच असते आणि कोऱ्या जागेला टोनर लागत नाही. कुप्यांच्या कागदाचा हिशोब उलटा. पान कोरं असो की रंगपंचमीचं, तिन्ही रंगांच्या कुप्या पानभर पसरलेल्याच असतात. दोन ओळींच्या पत्राची प्रत काढली तरी अख्ख्या पानाचा तीन रंगांचा ऐवज खर्च होतो, आणि त्यातला बहुतेक शिजून, न वापरता, कचऱ्यात जातो. वर प्रतीचा लेप दिलेला खास कागद वेगळाच. झेरॉक्सवाल्याचा धंदा कुठल्याही साध्या रिमवर चालतो. त्याला अंधारात ठेवायचा महाग रोल आणि त्याच्या जोडीला दुसरा महाग कागद कोण गळ्यात बांधून घेईल?

म्हणजे जे ह्या तंत्राचं बळ, रंग सगळीकडे आधीच हजर, तेच त्याचं ओझं. फोटोला हे चालतं, कारण फोटोत कोरी जागा नसतेच. ऑफिसच्या कागदांना चालत नाही. मीडने पुढे ह्यातून अंग काढून घेतलं. नंतर सायकलर ह्याच नावाच्या कंपनीने डेटनजवळच्या मायामिसबर्गमध्ये ते फोटो प्रिंटिंगकडे वळवलं: कुप्या आणि आम्लधर्मी लेप एकाच कागदात, वर पारदर्शक फिल्म, आणि दिव्याऐवजी तीन रंगांचे एलईडी. दिशा बरोबर होती, पण तोवर इंकजेटने मैदान मारलं होतं.

ह्या कुप्या अंगाला, पाण्याला बाधतात का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गोड नाही. सुरुवातीच्या कार्बनलेस कागदात मुका रंग विरघळवायला पीसीबी नावाची तेलं वापरली जायची. ही तेलं निसर्गात लवकर मोडत नाहीत आणि माशांच्या, पर्यायाने माणसांच्या चरबीत साठतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फॉक्स नदीकाठी हा कागद बनवणारे आणि त्याची रद्दी पुन्हा लगदा करणारे कारखाने होते. १९५४ ते १९७१ ह्या काळात तिथून पीसीबी नदीत गेलं. १९७१ साली ह्या कागदातला वापर थांबला, पण नदीच्या तळातला गाळ उपसण्याचं काम २०२० पर्यंत चाललं आणि खर्च १ अब्ज डॉलरच्या वर गेला. आजच्या बिलबुकात ही तेलं नसतात.

पावतीच्या थर्मल कागदात मुक्या रंगाला जागवण्यासाठी बिस्फेनॉल ए वापरतात, ते शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याला ०.०२ टक्क्याची मर्यादा घातली आहे. घरी पावत्यांचा ढीग लहान मुलाला चघळायला देऊ नये, इतपत शहाणपण पुरे.

कुप्या आज कुठे आहेत?

शेतकऱ्याच्या शेडमध्ये आहेत. तणनाशकाच्या बाटलीवर 'पेंडीमिथॅलिन ३८.७ टक्के सीएस' असं लिहिलेलं असतं, त्यातलं सीएस म्हणजे पाण्यात तरंगत्या ठेवलेल्या कुप्या. औषध कुपीतून हळूहळू सुटतं, एकदम उडून जात नाही. कपडे धुवायच्या साबणात आहेत: घडी घातलेला टॉवेल खसकन ओढला की सुगंध येतो, तो कुप्या फुटल्यामुळे. ह्या सुगंधी कुप्यांच्या प्लास्टिक आवरणावर युरोपने २०२३च्या सूक्ष्मप्लास्टिक नियमांत बोट ठेवलं असून कंपन्यांना पर्याय शोधायला २०२९ पर्यंतची मुदत दिली आहे. कारखान्यांत प्रीस्केल नावाची फुजीची फिल्म वापरतात. दोन भागांमध्ये ती ठेवून दाबायची. जिथे दाब जास्त तिथे कुप्या जास्त फुटतात आणि लाल रंग गडद होतो. मशीनचे दोन रोलर सरळ बसलेत की एका बाजूला कललेत, हे फिटरला चष्मा न लावता कळतं.

आणि बारशातला प्रिंटर? त्यात ना कुपी, ना उजेड, पण गोत तेच. त्या कागदाला झिंक म्हणतात, 'शून्य शाई' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून जुळवलेलं नाव, आणि तंत्राचं मूळ पोलरॉइड कंपनीत. कागदात मुक्या रंगांच्या स्फटिकांचे तीन थर असतात, पिवळा वर, मॅजेंटा मध्ये, सायन तळाला. प्रिंटरमधलं गरम टोक कागदावरून सरकतं. भाकरी मोठ्या आचेवर पटकन टाकली तर वरून भाजते आणि आत कच्ची राहते. मंद आचेवर ठेवली तर ऊब आतपर्यंत पोचते. तसंच इथे. क्षणभर कडक चटका दिला तर फक्त वरचा पिवळा जागा होतो, सौम्य उष्णता जास्त वेळ दिली तर ती तळाच्या सायनपर्यंत उतरते, आणि त्याला तेवढीच लागते.

भाकरीचं उदाहरण आत्याला पटलं. तिने कोऱ्या कागदाचं पाकीट हातात घेऊन विचारलं, "मग एका फोटोला किती पडतात?" भाचीने आकडा सांगितला.

"आणि फोटोत एकच माणूस असला तरी तेवढेच?"

"हो, कागद तर सगळाच जातो ना."

आत्या उठली. पाळण्याशी उभ्या असलेल्यांना तिने दटावून एकत्र केलं, बाहेर मांडवात बसलेल्या काकांना आत बोलावलं, आचाऱ्यालाही हात पुसून यायला सांगितलं. "असं एकेकाचं नको गं," ती भाचीला म्हणाली, "सगळ्यांचा मिळून एकच काढ."